कोरड्या दिवसांत बिनवाटेचा डोंगर: माथ्यावर जाऊन परत येण्याची रीत

रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तेव्हा गर्दी होणारच. त्याच अकोले तालुक्यात दक्षिणेला गवळदेव, मुडा, घनचक्कर ही रांग आहे, दीड हजार मीटरच्या घरातली. तिथं फाल्गुनातल्या एखाद्या आडवारी दिवसभरात दुसरा माणूस भेटला नाही तर नवल वाटत नाही. असे डोंगर सह्याद्रीत पुष्कळ आहेत. काहींना नावं आहेत, काहींना नकाशात नुसता उंचीचा आकडा. ढोरवाट पदरापर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीपर्यंत, सोबत करते, मग कारवीच्या काठ्यांचं दाट रान लागतं आणि वाट विरून जाते. तिथून पुढचं कसं करायचं, तेही पाणी आटलेलं आणि गवत वाळलेलं असताना, एवढ्यापुरता हा लेख आहे.

आधी एक सांगून टाकतो. सह्याद्रीत किमान पंधरा-वीस डोंगर पायाखालून गेले नसतील, कातळटप्पा उतरताना पाय लटपटत असतील, तर हे प्रकरण पुढच्या वर्षावर टाका. गट चार ते सहा जणांचा हवा. एक जायबंदी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात, म्हणून कमीत कमी चार. सहाच्या वर माणसं झाली की घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो.

दिवस कुठले

पावसाळा संपल्या संपल्या जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत छातीएवढं असतं, त्याखालचा दगड दिसत नाही, आणि डिसेंबरात कुसळं मोज्यांतून आरपार जातात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यांत बरा वाटतो: गवत आडवं पडलेलं, पानझडीमुळे लांबचं दिसतं, एखाद-दुसऱ्या टाक्यात पाणी शिल्लक. मार्च ते मे जाता येतं, पण तेव्हा सगळा खेळ पाण्याचा आणि घड्याळाचा होतो. लेखातले हिशेब त्याच दिवसांचे आहेत. थंडीत गेलात तर ते हात राखून धरलेले आहेत असं समजा.

बाजू कुठली घ्यायची हेही उन्हावरूनच ठरवायचं. पश्चिमेकडची उतरंड सकाळी सावलीत असते, पूर्वेकडची दुपारनंतर. एकाच बाजूनं जाऊन-येऊन करायचं असेल तर मी चढाईची सावली घेतो आणि उतरताना तापतो, कारण घाम चढताना जास्त निघतो. मात्र कोकणाच्या अंगानं घाटमाथ्यावर चढायचं असेल तर हिशेब वेगळा. तिथं एका दमात आठशे-हजार मीटर उंची गाठायची असते, शिवाय हवेतला दमटपणा माणसाला पिळून काढतो. एप्रिल-मेमध्ये देशाकडून, म्हणजे पूर्वेच्या पठाराकडून, जा.

घरी बसून करायचं काम

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणातले नकाशे ऑनलाइन मिळतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचा २० मीटरचा फरक. हे २० मीटर नीट लक्षात ठेवा. सह्याद्रीतला बारा-पंधरा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. नकाशावर निवांत दिसणारी सोंड, म्हणजे माथ्यावरून खाली उतरलेली डोंगराची धार, प्रत्यक्षात चार मजली इमारतीएवढ्या भिंतीवर येऊन थांबते. नकाशा डोंगराचा आकार सांगतो. अडेल कुठं ते सांगत नाही.

म्हणून दुसरा आधार उपग्रहाच्या छायाचित्रांचा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं बघता येतात. त्यांतली मार्च-एप्रिलमधली निवडा, हिरवळ नसल्यामुळे कातळ उघडा दिसतो. कड्याची सावली जितकी लांब तितका तो उंच. पडलेल्या सावलीत मध्येच खंड दिसला की तिथं कड्याला खिंडार आहे असं समजून खूण करायची. अशा तीन-चार जागा काढा, त्यांचे अक्षांश-रेखांश फोनमधल्या ऑफलाइन नकाशात टाका आणि एक प्रत कागदावरही घ्या. फोन उन्हात तापून बंद पडतो, कागद पडत नाही.

परवानगीचं काम याच टप्प्यावर उरका. वर म्हटलेली अकोल्याची रांग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आणि वणव्याच्या दिवसांत काही भाग बंदही ठेवतात. डोंगर कुठलाही असो, त्या हद्दीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी फोन करा.

गावात काय विचारायचं

पायथ्याच्या वाडीत जाऊन "वर वाट आहे का?" असं विचारलं की उत्तर दोनच. पाहुण्याला नाराज कशाला करा म्हणून "हाये की", किंवा नसती जबाबदारी नको म्हणून "न्हाय". दोन्ही उत्तरांचा उपयोग शून्य.

माझे प्रश्न ठरलेले आहेत. मामा, तुमची ढोरं कुठपर्यंत चरायला जातात? मध काढायला कुठून चढता? आत्ता या महिन्यात ढोरं पाणी कुठं पितात? डोंगरावर देव आहे का, आणि जत्रेला लोक कुठल्या अंगानं जातात? उत्तरं थेट जमिनीवरची मिळतात. ढोरं जिथं थांबतात तिथं बहुतेक वेळा पहिला कातळपट्टा असतो. मधवाल्याची वाट त्याच्याही वर जाते, पण ती त्याच्या पायांची वाट असते, तुमच्या नव्हे. मध काढणारा अनवाणी जिथून जातो तिथून बूट घातलेला शहरी माणूस जाईलच असं नाही. आणि चैत्रातलं पाणी चैत्रात विचारा. श्रावणात कुणीही कुठलाही झरा दाखवतो.

वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या. योग्य मोबदला आधी ठरवा, त्याच्या वाट्याचं पाणी आणि डबा आपण न्या. एका वाडीतले मामा मला म्हणाले होते, "पदरापोहत नेतो. त्याच्या वर माझं काय काम न्हाय, मग मला वाट कशी असंल?" वाट कामानं पडते, हे त्या दिवशी कळलं. जिथं ढोरं, मध, लाकूडफाटा, देव यातलं काहीच नाही, तिथं माणसाची वाट नसणारच.

लांबून डोंगर वाचणं

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो या कामाला, आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळ होते तीही इथंच. आदल्या दुपारी पायथ्यापासून दीड-दोन किलोमीटर दूर, समोरच्या टेकाडावर किंवा बांधावर, दुर्बीण घेऊन तासभर बसा. उद्या कारवीत शिरल्यावर डोंगर दिसणार नाही. दिसतील ते समोरच्याच्या पाठीवरची सॅक आणि नाकासमोरची काठी. डोंगर आजच बघून घ्यायचा.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेले थर थंड झाले. त्यांतले घट्ट बेसाल्टचे थर कडे होऊन उभे राहिले, मधले सच्छिद्र, मऊ थर झिजून उतार आणि पदर झाले. म्हणून लांबून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: उतार, कडा, पदर, पुन्हा उतार, कडा, पदर. आपलं काम एवढंच की प्रत्येक कड्याच्या पट्ट्यात एक फट शोधायची आणि पदरावरून आडवं चालत त्या फटी एकमेकींना जोडायच्या. कड्याचे पट्टे मोजा. तीन असतील तर तीन फटी हव्यात. दोनच सापडल्या तर उद्या माथा नाही, हे आजच मान्य करून टाका.

फट कशी ओळखायची? एक खूण हिरव्या रेघेची. काळ्या कड्यावर झाडोऱ्याची तिरकी रेघ खालून वर गेलेली दिसली, तर तिथं माती टिकण्याइतकी रुंद पायरी आहे. उभ्या रेघेवर माझा तितका विश्वास नाही, ती बहुधा पाण्याची चीर असते. दुसरी खूण नाळ, म्हणजे पाण्यानं कोरलेली उभी घळ. नाळ कड्याला कापतेच, पण तिच्या पोटात कोरडे धबधबे असतात. दुर्बिणीतून नाळेत गुळगुळीत, झाडं नसलेला काळा पट्टा दिसला तर तो पावसाळी धबधब्याचा कातळ. तिसरी खूण सोंड जिथं कड्याला टेकते ती जागा. तिथं कड्याची उंची सगळ्यांत कमी असते, आणि बऱ्याचदा जुन्या पायऱ्या किंवा खोबण्याही तिथंच सापडतात.

कोरड्या दिवसांचा एक फायदा असा की पाणी लांबून दिसतं. सगळा डोंगर पिवळा-तपकिरी असताना कड्याच्या तळाशी उंबर, जांभूळ, रानकेळीचा गर्द ठिपका दिसला, तर दोन थरांच्या सांध्यातून तिथं ओल झिरपते आहे. त्या ओलीवर बाटली भरेल याची खात्री देता येत नाही. भरवशाचं पाणी धरू नका, पण अडचणीच्या वेळी कुठं वळायचं एवढं ठाऊक असावं.

दुर्बिणीतून आणखी एक शोधायचं: कड्याच्या पुढे आलेल्या छपराखाली लटकलेले काळपट अर्धगोल. ही आग्या मोहोळं. त्यांच्याखालून जाणारी फट कितीही सोपी दिसो, यादीतून काढून टाका.

वेळ आणि पाणी यांचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला वेगळा एक तास. समजा गाव ७५० मीटरवर, माथा १५०० मीटरवर, अंतर ४ किलोमीटर. चालायला ४८ मिनिटं, चढायला ७५, म्हणजे साधारण दोन तास. ही वेळ मळलेल्या वाटेची झाली. कारवी, घसारा आणि चुकामूक धरून मी तिला अडीच ते तीननं गुणतो. पाच-सहा तास नुसते चढायला. उतरायला एखादा तास कमी, फार तर.

एप्रिलच्या मध्यावर आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. पदरापर्यंतची ढोरवाट माहितीची असेल तर पहाटे साडेचारला हेडलॅम्प लावून निघा आणि उजाडताना पदरावर पोचा. कारवीत अंधारात शिरू नका. परतायची वेळ गावातूनच ठरवून निघायचं, माझी सकाळी अकराची असते. अकरा वाजले की माथा शंभर मीटरवर असला तरी मागे फिरायचं. नेमक्या त्या शंभर मीटरवरून गटात भांडणं होतात, म्हणून आदल्या रात्री चहा पितानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

पाणी माणशी सहा लिटर. जड होतं, सहा किलो भरतं, पण पर्याय नाही. बहुतेकांची चूक अशी की जाताना निम्मं आणि येताना निम्मं अशी वाटणी करतात. उतरताना ऊन डोक्यावर असतं, कातळ खालून भाजतो, तेव्हा परतीला जास्त लागतं. सहातले अडीच लिटर संपले की मागे फिरायचं, घड्याळ काहीही म्हणो. एक युक्ती उपयोगी पडते: चढताना पदरावर माणशी एक लिटरची बाटली ठेवून जायची, म्हणजे ओझं हलकं होतं आणि परतीची सोय होते. मात्र बाटली मोठ्या दगडाखाली गाडा. एकदा झाडाच्या बेचक्यात ठेवलेल्या चार बाटल्या माकडांनी आमच्या डोळ्यांदेखत फोडल्या.

नुसतं पाणी पीत राहिल्यानं भागत नाही, मीठही जातं. ओआरएसची पाकिटं न्या. नसतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

अंगावर आणि सॅकमध्ये

जाड विणीची पूर्ण लांबीची विजार आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, कुसळं न धरणारं कापड. गुडघ्याखाली गेटर (पोटरीवर चढवायचं कापडी आवरण). बागकामाचे चामडी हातमोजे. पारदर्शक चष्मा कुणी सुचवत नाही, पण कारवीत समोरच्यानं वाकवून सोडलेली काठी थेट डोळ्यात येते. सॅकच्या बाहेर काहीही लटकवायचं नाही, मॅट तर नाहीच, नाहीतर दर दहा पावलांना कुणीतरी मागून खेचल्यासारखं होतं. प्रत्येकाजवळ एक पातळ चादर. ३० मीटर दोर आणि स्लिंगा (पट्ट्यांचे मजबूत फास) फक्त ज्यांना वापरता येतात त्यांनी घ्याव्यात. खायला दशमी-चटणी, काकडी, संत्री, गूळ-शेंगदाणे. स्टोव्ह नको, काडेपेटी नको, बिडी-सिगारेट ओढणारा सोबती तर नकोच.

कोयता? गावकऱ्याच्या कमरेला आकडीत असतो, तो त्याचा प्रश्न. आपण काहीही तोडत जायचं नाही. अभयारण्यात तो गुन्हा आहेच, शिवाय तिरकस छाटलेली कारवी म्हणजे भाला होतो आणि परतीला त्यावर आपलाच पाय पडतो.

कारवीत

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून गेली की मरते. वाळलेल्या काठ्या तशाच उभ्या राहतात. गावाकडे त्यांचेच कूड घालतात. चालणाऱ्यासाठी या दोन अवस्था म्हणजे दोन वेगळे डोंगर. जिवंत कारवी लवचीक असते, मुळाशी धरली तर अंगाचा भार पेलते. मेलेली कारवी हात लावताच काडकन मोडते. म्हणून चढावर आधार घेताना एक काठी कधीच धरू नका. जमिनीलगत तीन-चार काठ्या एका मुठीत घ्या, हलकेच ओढून बघा, मगच भार टाका.

चालायची पद्धतही शिकावी लागते. छातीनं ढकलत जाणारा माणूस पंधरा मिनिटांत गळतो. खांदा पुढे, तोंड कोपराआड, आणि काठ्यांच्या मधल्या फटीत तिरकं शिरायचं. शक्य तिथं वाकून खालून जायचं. रानडुकरांचे आणि भेकरांचे बोगदे कमरेएवढ्या उंचीवर असतात, आणि ते आपल्यापेक्षा शहाणपणानं काढलेले असतात. पुढच्यात आणि मागच्यात दोन काठ्यांचं अंतर ठेवा. पुढे राहणारा दर वीस मिनिटांनी बदला. तो काठ्यांशी झुंजत असतो, दिशेकडे त्याचं लक्ष नसतं. दिशा दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडे, होकायंत्र त्याच्या हातात. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे, तेव्हा नकाशावर मोजलेला कोन तसाच वापरला तरी चालतो.

खुणांचं म्हणाल तर सगळीकडे रिबिनी बांधत सुटू नका. जिथं निर्णय घेतला तिथंच खूण हवी: कारवीतून पदरावर बाहेर पडलो ती जागा, कातळपट्ट्यातली फट, जिथं सोंड बदलली ते टोक. तिथं भडक कापडाची पट्टी बांधा, फोनमध्ये बिंदू टाका आणि मागे वळून फोटो काढा. फोटो मागचाच हवा, कारण परतताना तीच बाजू समोर असणार आहे. परतीला शेवटच्या माणसानं पट्ट्या सोडत यायचं.

वाटेत एका वेलीकडे लक्ष ठेवा. शेंगेवर सोनेरी-तपकिरी मखमल दिसली की ती खाजकुइली. उन्हाळ्यात शेंगा वाळलेल्या असतात आणि नुसत्या धक्क्यानं त्यांच्यावरची खाज आणणारी बारीक कूस उडते. लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उपटत जा, मग धुवा. गावात शेण किंवा राख लावतात, वाळल्यावर तीही कूस घेऊन निघते.

घसारा, गवत, कातळ

वाळलेलं आडवं गवत मेणासारखं निसटतं. त्यावर टाच रोवून, पाऊल थोडं आडवं ठेवून चढा. कड्यालगतची गवताची बुचकी हिवाळ्यात हात देतात, एप्रिलमध्ये मुळासकट हातात येतात. मुरमाड घसाऱ्यावर एकामागे एक न जाता तिरकी रांग करा. दगड सुटला तर "दगड!" अशी आरोळी, लाजायचं नाही.

कातळपट्ट्याखाली पोचलात की एक कसोटी लावा: पहिल्यानं दोरावाचून दोन मीटर चढायचं आणि तिथून दोरावाचून खाली उतरून दाखवायचं. जमलं तर पुढे. चढता आलं आणि उतरता आलं नाही तर ती फट आपली नाही, दुसऱ्या खुणेकडे आडवं चला. या कसोटीत वीस मिनिटं जातात. माझ्या ओळखीत ज्यांना डोंगरावर रात्र काढावी लागली, त्यांतल्या बहुतेकांनी ती वीस मिनिटं वाचवली होती.

मधमाशा, वणवा, साप, ऊन

आग्या मोहोळ उठलं तर हात झाडू नका, तोंड-मान झाका आणि आलात त्या बाजूनं पळा. दाट झाडीत शिरलात तर उत्तम. कड्याच्या काठावर असाल तर पळणं म्हणजे मरण. तिथं चादर पांघरून, तिची टोकं दाबून धरून गुडघ्यांवर पालथं व्हायचं आणि हलायचं नाही. चादर न्यायची ती याचसाठी. अत्तर आणि सुगंधी तेल त्या दिवशी घरी ठेवा. काटे नखानं खरवडून लगेच काढा. डंख बरेच असतील किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालय.

वणव्याचे दिवस साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. आग चढावर वेगानं धावते आणि दुपारचा वारा दरीतून वर येतो, म्हणून धूर खाली दिसला तर माथ्याकडे पळायचं नाही, नाळेत तर मुळीच शिरायचं नाही. नाळ धुराड्यासारखी ओढते. आडवं सरका, उघड्या कातळावर किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या पट्ट्यावर जा. जळलेल्या जागी पुन्हा आग येत नाही. लांबवर धूर दिसला तरी माघार घ्या आणि वनखात्याला कळवा.

पाचोळ्यात घोणस, दगडांच्या फटीत फुरसं. हात टाकण्याआधी काठी टाकायची. दंश झालाच तर तो अवयव हलू न देणं, धीर देणं आणि रुग्णालय गाठणं, एवढंच करायचं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही नाही. सर्पदंशावरचं औषध ठेवणारं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

उन्हाचं पहिलं लक्षण चिडचिड. बडबड्या गप्प झाला किंवा शांत माणूस भांडायला लागला की सावली बघा, बूट काढा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजून पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

माथा

वर फार वेळ काढू नका, सावली नसतेच. एका नाव नसलेल्या माथ्यावर, आपणच पहिले अशा थाटात पोचलो, तर कारवीच्या मध्ये शेंदूर फासलेला दगड आणि त्यापुढे वाळलेल्या नारळाची करवंटी. आम्ही मुकाट बूट काढले. तर, देव असेल तिथं बूट काढा, पंधरा मिनिटं बसा, चारी बाजूंचे फोटो घ्या आणि उतरायच्या सोंडेचा कोन होकायंत्रावर लावूनच उठा.

उतरणं

चढताना सोंडा एकमेकींना येऊन मिळतात, त्यामुळे चुकलं तरी माणूस माथ्यावरच पोचतो. उतरताना त्याच सोंडा फुटतात. दर फाट्यावर एकीच्या दोन होतात, दोन्ही सारख्याच दिसतात, आणि जी जास्त रुंद, जास्त मोकळी तीच पायाला ओढते. चुकीची बहुधा तीच असते.

एका एप्रिलमध्ये आम्ही तिघंच होतो. (चार हवेत, हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही.) माथा साडेदहाला झाला, आनंदात उतरलो, पहिल्या फाट्यावरची पट्टी कुणालाच दिसली नाही, कारण कुणी शोधलीच नाही. सोंड इतकी छान उघडी होती की कारवीपेक्षा बरी म्हणून धावतच सुटलो. पाऊण तासानं ती संपली. खाली पंधरा-एक मीटर सरळ कातळ, त्याच्या पायथ्याशी आमचा पदर, आणि पदरावर बाटल्या पुरलेला दगडसुद्धा दिसत होता. नकाशावर तिथं कडा नव्हता, दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत तो मावला होता. एकजण म्हणाला, शेजारच्या नाळेत उतरू. नाळ वरून गोड दिसत होती. दोन वळणं उतरलो आणि कोरड्या धबधब्याच्या ओठावर आलो. वरून धबधबा कधीच दिसत नाही, दिसते ती फक्त सपाट कातळाची कड आणि तिच्यापलीकडे झाडांचे शेंडे. तिघांत मिळून अर्धा लिटर पाणी. ऐंशी मीटर परत वर चढलो, भर दुपारी, दर वीस पावलांना बसत. फाट्यावर ती पट्टी डोळ्यांच्या उंचीवर लोंबत होती.

तेव्हापासून उतरण्याचे माझे नियम कडक आहेत. प्रत्येक फाट्यावर सगळे थांबतात, पट्टी हाताला लागल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. फोनवरच्या आलेल्या रेषेपासून वीस मीटर ढळलो की चालणं बंद, आधी जागा पक्की. अनोळखी नाळेत कधीही उतरायचं नाही. ज्या नाळेतून चढून आलो, तिच्यातूनच फक्त. समोर झाडांचे शेंडे दिसतात आणि बुंधे दिसत नाहीत, म्हणजे मध्ये कडा आहे. आणि चुकलोय असं दोघांना वाटलं की तिसऱ्याचं मत विचारत बसायचं नाही, वर चढायचं. अंधार पडायच्या आत पदर गाठता येणार नसेल तर आहे तिथं सपाट जागा बघून बसा. उन्हाळ्यातली रात्र थंडीनं मारत नाही, अंधारातला कडा मारतो.

बारा ते साडेतीन शक्यतो चालू नका. पदरावर आंब्या-उंबराच्या सावलीत आडवं व्हा. करवंदं पिकलेली असतील तर जाळीपाशी वेळ बरा जातो.

खाली आल्यावर

ज्या घरी गाडी लावली तिथं आणि शहरात ज्याला वेळ सांगून निघालात त्याला, दोघांनाही पोचल्याचं कळवा. हे विसरल्यामुळे गावातली माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन डोंगरात शिरल्याचे प्रकार घडतात. मामांना आटलेल्या-उरलेल्या पाण्याची खबर द्या, त्यांच्या ढोरांना ती कामाची असते.

मग आंघोळ. कपडे वेगळे गुंडाळा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांत गोचीड शोधा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, काडी लावायची नाही. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे, माकडतापाचे रुग्ण २०१६ पासून आढळले आहेत. तो गोचिडीतूनच येतो आणि त्याचे दिवस हेच, कोरडे. तिकडून आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप भरला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कुठल्या जंगलात गेला होतात आणि कुठल्या तारखेला.